मॅक्रो लेन्सने पोर्ट्रेट निघतं का?



आजचा विषय तुमच्यापैकीच एकाने दिलेला आहे. दुर्ग-भिलाईत लग्नाचे फोटो काढणारा एक मुलगा आहे. त्याच्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली किटची लेन्स आहे, एक पन्नासची आहे, आणि हप्त्यावर आता आणखी एकच लेन्स घेता येईल एवढी सोय आहे. हौस किडे आणि फुलं काढायची, पण पोट चालतं नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर. त्याने विचारलं, "दादा, मॅक्रो घेतली तर तिच्याने पोर्ट्रेट निघतं का? की सरळ पंच्याऐंशीच घेऊ?"

निघतं, आणि चांगलं निघतं. एवढ्या उत्तरावर व्हिडिओ संपला असता. पण हा प्रश्न विचारणारे सगळे दोनच टोकं धरून बसतात. एका टोकाला किडा, दुसऱ्या टोकाला चेहरा. या दोन टोकांच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे: हात, मेंदी, अंगठी, कपाळावरचं गोंदण, म्हाताऱ्या माणसाचा एकच डोळा. पंच्याऐंशीची लेन्स तिथे पोचतच नाही. मॅक्रोचे पैसे वसूल होतात ते माझ्या मते या मधल्या जागेत. आज मी तिथपर्यंत जाणार आहे, पण आधी थोडा पाया घालून घेऊ.

मॅक्रो म्हणजे नेमकं काय? हल्ली हा शब्द कुणीही कशावरही छापतो. झूम लेन्सवर मॅक्रो लिहिलेलं असतं, स्वस्त मोबाइलच्या मागे दोन मेगापिक्सेलचा एक डोळा बसवून त्यालाही मॅक्रो म्हणतात. खरा हिशोब असा: वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडली, तर ते १:१. एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवरही एक सेंटिमीटरचा. हे जी लेन्स करते ती आजच्या भाषेत मॅक्रो. ती निम्म्यापर्यंत जात असेल तर १:२, चौथाईपर्यंत तर १:४. त्या झूम लेन्स बहुतेक वेळा या शेवटच्या दोनांत मोडतात.

तपासायचं असेल तर शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी घ्या. लेन्स अगदी जवळच्या फोकसला आणा आणि पट्टीचा फोटो काढा. फुल फ्रेम कॅमेऱ्यात फोटोच्या लांब बाजूला ३६ मिलिमीटर दिसले तर ते १:१. क्रॉप सेन्सरवर हाच आकडा कॅनॉनला साधारण २२ आणि निकॉन-सोनीला साधारण २३.५ येईल. पट्टीवर ७२ मिलिमीटर दिसले तर लेन्स निम्म्यावर थांबली. जुनी लेन्स घेताना दुकानदार काय म्हणतो ते ऐकून घ्या आणि खिशातून पट्टी काढा.

निकॉनवाले या लेन्सला मॅक्रो म्हणत नाहीत, 'मायक्रो' म्हणतात, त्यामागची गोष्ट मला फार आवडते. १९५६ साली त्यांनी पाच सेंटिमीटरची पहिली मायक्रो-निक्कोर काढली, ती किड्यांसाठी नव्हती. जपानी पुस्तकं आणि कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवायची होती. कांजी लिपीतल्या एका अक्षरात इतक्या बारीक रेघा असतात की साध्या लेन्सने जवळून फोटो काढला तर अक्षर गिचमिड व्हायचं. म्हणून जवळच्या अंतरावर रेघ न् रेघ सुटी दिसेल आणि पानाचे कोपरेही मधल्या भागाइतकेच स्पष्ट येतील, अशी लेन्स त्यांनी बनवली. त्याच्या वर्षभर आधी, १९५५ मध्ये, जर्मनीतल्या हाइन्झ किलफिट यांची माक्रो-किलार बाजारात आली होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी निघालेली पहिली मॅक्रो लेन्स म्हणून तिचं नाव घेतात.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. साधी लेन्स दूरच्या अंतरासाठी जुळवलेली असते आणि जवळ आली की ढिली पडते. मॅक्रो लेन्स जवळच्या अंतरासाठी जुळवलेली असते आणि सपाट पृष्ठभाग काठापासून काठापर्यंत नीट टिपते. हा सपाटपणाचा गुण पुढे आपल्याला एका हाताच्या फोटोत उपयोगी पडणार आहे.

आता चेहरा. मॅक्रोने पोर्ट्रेट काढणं ही काही कुणाची नवी युक्ती नाही. टॅमरॉनने १९७९ मध्ये ९० मिलिमीटर, एफ २.५ ची मॅक्रो काढली. ती १:२ पर्यंतच जायची, पण पोर्ट्रेटवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. मागची पार्श्वभूमी इतकी मऊ यायची की तिला 'पोर्ट्रेट मॅक्रो' हेच नाव पडलं. तेव्हापासून कंपनी ९० ची नवीनवी रूपं काढतेच आहे, २०२४ मध्येही काढलं. कॅनॉनची १००, निकॉनची १०५, सोनीची ९०, या सगळ्या त्याच पट्ट्यात आहेत. किड्यापासून जरा लांब राहता यावं म्हणून ही लांबी निवडली गेली, आणि नेमकी तीच चेहऱ्यालाही मानवते.

का मानवते? नाक मोठं दिसणं, कान मागे गेल्यासारखे वाटणं, हे लेन्समुळे होत नाही, तुम्ही किती जवळ उभे आहात त्यामुळे होतं. हात लांब करून सेल्फी काढली की नाक पुढे येतं, ते यामुळेच. माणसापासून दीड-दोन मीटरवर उभं राहिलं की चेहरा आपल्याला ओळखीचा दिसतो, कारण बैठकीत समोरासमोर गप्पा मारताना आपण साधारण एवढ्याच अंतरावर असतो. फुल फ्रेमवर १०० ची लेन्स उभी धरून डोकं-खांदे मिळून ६० सेंटिमीटर बसवायचे असतील, तर तुम्हाला साधारण पावणेदोन मीटरवर उभं राहावं लागतं. एकदम बेताचं अंतर.

क्रॉप सेन्सरवर मात्र गणित बदलतं. तीच १०० ची लेन्स लावली तर त्याच फोटोसाठी जवळपास २.८ मीटर मागे जावं लागतं. आमच्या इथल्या टाउनशिपच्या जुन्या क्वार्टरमधल्या बैठकीत तेवढं मागे सरकलात की पाठ भिंतीला लागते, नाहीतर तुम्ही थेट स्वयंपाकघरात पोचता. क्रॉप कॅमेरा असेल आणि काम घरातलं असेल तर ६० ची मॅक्रो बघा. तिच्याने हाच फोटो १.७ मीटरवरून निघतो. किड्याच्या बाबतीत ती जरा गैरसोयीची आहे, ते पुढे सांगतो. ४० ची मॅक्रोही मिळते आणि स्वस्त मिळते. पण ती मी या मुलाला सुचवणार नाही. तिच्याने फक्त चेहरा भरायचा म्हटलं की तुम्ही माणसाच्या नाकाजवळ जाता, आणि किडा १:१ ला घ्यायचा म्हटलं की लेन्सच्या तोंडापासून तो जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटरवर येतो.

"पण दादा, मॅक्रोला एफ २.८ आणि पंच्याऐंशीला एफ १.८, मग बोके कुठून आणायचं?" हा हमखास येणारा प्रश्न. आकडेच बघू. वर सांगितलेला डोकं-खांद्यांचा फोटो, फुल फ्रेम कॅमेरा. एफ १.८ ला फोकसमध्ये राहणारी जाडी येते साधारण तीन सेंटिमीटर, एफ २.८ ला साधारण पाच. तीन सेंटिमीटरमध्ये माणसाने मान जराशी तिरकी केली की एक डोळा गेला. पाचात दोन्ही डोळे सहसा वाचतात. पोर्ट्रेटसाठी मी स्वतः बहुतेक वेळा एफ ४ वर असतो. मागचं धूसर करायचं असेल तर माणसाला भिंतीपासून दोन पावलं पुढे बसवा, त्याने एका स्टॉपपेक्षा जास्त फरक पडतो.

पंच्याऐंशी खरोखर जिंकते ती अंधारात. रात्रीचं लग्न, मंडपात पिवळे-निळे दिवे, फ्लॅश मारू देत नाहीत. तिथे तो सव्वा स्टॉपचा जादा उजेड म्हणजे आयएसओ ३२०० आणि साधारण ८००० मधला फरक. शिवाय तिचा फोकस चपळ असतो. मॅक्रोच्या फोकसला अगदी जवळपासून अनंतापर्यंत लांबचा पल्ला गाठायचा असतो, त्यामुळे एकदा चुकला की तो पुढे-मागे धावत बसतो आणि तोवर हार घालून झालेला असतो. यावर उपाय लेन्सवरच असतो. बाजूला एक छोटं बटण असतं, फोकस लिमिटर. ते 'अर्धा मीटर ते अनंत' वर ठेवलं की लेन्स जवळचा पल्ला शोधायला जात नाही. चेहरे काढताना हे बटण तिथे आहे ना, हे बघायची सवय लावा. सगळ्याच मॅक्रोंवर ते नसतं. घेण्याआधी बघा.

दुसरी भीती: "मॅक्रो फार शार्प असते, चेहऱ्यावरचं सगळं दिसतं." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर वेगळा भाग करता येईल. आजची चांगली पंच्याऐंशीही तेवढीच शार्प असते. सुरकुती दिसते ती उजेडामुळे. बाजूने कडक ऊन पडलं की प्रत्येक खळगीत सावली पडते आणि चेहरा खडबडीत दिसतो. तोच चेहरा मोठ्या खिडकीसमोर, पडदा ओढून, मऊ उजेडात बसवा. लेन्स तीच, पण माणूस आरशात स्वतःला जसा बघतो तसा येतो. कॉम्प्युटरवर 'क्लॅरिटी'ची पट्टी शेवटपर्यंत ओढायची आणि मग लेन्सला दोष द्यायचा, हे बरोबर नाही.

आता किड्याकडे वळू. हा भाग तुलनेने थोडक्यात सांगतो, कारण यावर आधीचे दोन भाग आहेत.

१:१ वर गेल्यावर सगळं आखडतं. १०० च्या लेन्समध्ये फोकसचं सगळ्यात जवळचं अंतर साधारण ३० सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पण ते सेन्सरपासून मोजतात. लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत उरतात चौदा सेंटिमीटर. ६० च्या लेन्समध्ये उरतात नऊ-दहा, म्हणून चतुर लवकर उडतो आणि तुमचीच सावली किड्यावर पडते. फोकसची जाडी तर फुल फ्रेमवर एफ २.८ ला मिलिमीटरच्या एक-तृतीयांश, एफ ८ ला एक मिलिमीटर, एफ १६ ला दोन. बस, एवढंच. आणि एफ १६ च्या पुढे छिद्र आवळून फारसा उपयोग नाही, कारण १:१ वर उजेडही दोन स्टॉपने कमी होतो. लेन्सवर एफ १६ लिहिलेलं असतं तेव्हा परिणाम एफ ३२ चा येतो आणि डिफ्रॅक्शनमुळे सगळंच जरा मऊ पडतं. निकॉनचे कॅमेरे हा बदललेला आकडा दाखवतात, म्हणून एफ २.८ ची लेन्स जवळ नेल्यावर एफ ४.८ किंवा ५.६ दिसू लागली तर घाबरू नका, लेन्स बिघडलेली नाही.

एक मिलिमीटरच्या जाडीत ऑटोफोकस काम करत नाही. फोकस हाताने हव्या त्या आकारावर लावून ठेवा आणि श्वास रोखून स्वतःच हळूहळू पुढे-मागे झुका. डोळा स्पष्ट झाला की दाबा. पाच-सहा फोटो लागोपाठ काढा, त्यातला एक लागतो. उजेडासाठी साधा फ्लॅश आणि त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर. किड्यापासून जितका जवळ आणि जितका मोठा, तितका उजेड मऊ. याहून महाग काही लागत नाही.

रिसालीत राहणाऱ्यांसाठी सरावाचा विषय दारातच येतो. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, आमच्याकडे खरा पाऊस साधारण त्यानंतर आठवडाभराने उतरतो, आणि पहिल्या सरीनंतर मैदानांतल्या ओल्या मातीत मखमलीचे लाल थेंब चालताना दिसतात. आपला मृगाचा किडा. छत्तीसगढीत त्याला रानी कीड़ा म्हणतात. नावात किडा असला तरी तो कीटक नव्हे. पाय मोजा, आठ आहेत, तो कोळ्यांच्या नात्यातला आहे. हळू चालतो, चावत नाही, सेंटिमीटरभर असतो, सरावाला याहून चांगलं काय मिळणार! पण त्याचा लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. एक्स्पोजर ठीक दिसतं आणि फोटोत मात्र मखमलीचे केस जाऊन नुसता लाल डाग उरतो. दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा आणि हिस्टोग्राममध्ये लाल रेघ वेगळी बघा. नवरीच्या लाल शालूलाही हेच लागू आहे, म्हणून मृगाचा किडा नीट काढता आला की लग्नाचं अर्धं काम शिकून झालं, असं मी गमतीने म्हणतो.

पुढे हिवाळ्यात सकाळी लवकर मैत्रीबागेच्या बाजूला जा. थंडीने चतुर गारठलेले असतात, अंगावर दव असतं, ऊन वर येईपर्यंत ते हलत नाहीत. ते आपोआप गारठलेले सापडतात, तर मग किड्याला फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करून फोटो काढणाऱ्यांना काय म्हणायचं? असे व्हिडिओ फिरतात. मी ते करत नाही, आणि तसे काढलेले फोटो मला पाठवू नका. साताऱ्याजवळच्या कास पठारावरही हेच. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा झाला त्यात कास आहे. तिथलं दवबिंदूचं झाड इवलंसं असतं, किडे खाणारं. त्याचा एक फोटो काढायला कोपरावर आडवं पडलं की त्याचीच चार भावंडं खाली चिरडतात. वाटेवरून मिळेल तेवढंच घ्या.

किड्यांच्या फोटोंना हसणारे खूप असतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातून उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीची नोंद झाली. तिला नाव दिलं 'आयसियस तुकारामी', २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या नावाने. काही मिलिमीटरचा जीव. जात ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतोच, फोटोवरून ती ठरत नाही. पण असा जीव आपल्या आसपास आहे हे सामान्य माणसाला डोळ्यांत डोळे घालून बघता येतं ते अशा लेन्समुळेच.

आता त्या मधल्या जागेकडे येऊ.

बाजारातल्या बहुतेक ८५, एफ १.८ लेन्स ८० ते ८५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाहीत. तेवढ्या अंतरावर फुल फ्रेमवर जास्तीत जास्त जवळचा फोटो किती येतो? साधारण २८ सेंटिमीटर लांब आणि १८-१९ रुंद. म्हणजे एक चेहरा, केसांपासून हनुवटीपर्यंत. तिथे पंच्याऐंशी थांबते. त्याच्या आत तिला काही दिसत नाही. तळहात भरून हवा, नाही. नथ हवी, नाही. डोळा हवा, नाही. माणसाचा डोळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण तीन सेंटिमीटर. तो फोटोभर घ्यायचा तर जवळपास १:१ लागतं. चेहऱ्यापासून डोळ्यापर्यंतचा हा सगळा प्रवास मॅक्रो लेन्स न बदलता करते.

आमच्या गल्लीत एक छत्तीसगढी आजीबाई राहतात. सगळे त्यांना दाई म्हणतात. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोदना, पायांवरही. लहानपणी गावात देवार समाजाच्या बायका यायच्या आणि सुयांनी गोंदायच्या. दाई सांगते, दागिने सगळे इथेच राहतात, मेल्यावर सोबत जातो तो हा गोदना. तिच्या नातींनी गोंदून घेतलेलं नाही, घेणारही नाहीत. माझ्या स्वतःच्या आजीच्या हातावर तुळस होती, वर्ध्याकडची पद्धत. ती १९६० च्या आसपास आजोबांबरोबर इकडे आली, तेव्हा कारखाना नवाकोरा होता. घरात तिचे तीन फोटो आहेत. तिन्हींत पदर हातभर ओढलेला, तुळस कशातच नाही. ती कशी होती हे आता मला फक्त आठवून सांगता येतं, आणि माझं आणि माझ्या बहिणीचं आठवणं जुळत नाही.

म्हणून दाईचा फोटो काढायचं ठरवलं तेव्हा चेहऱ्यावर थांबायचं नव्हतं. आधी तिला विचारलं, काय काढणार आणि कुणाला दाखवणार ते सांगितलं. तिने होकार दिला तो घरच्यांपुरता, म्हणून ते फोटो तुम्हाला या पुस्तकात दिसणार नाहीत. पद्धत मात्र सांगतो.

सुरुवात चेहऱ्याने केली. पावणेदोन मीटर, एफ ४, दाराच्या उजेडात. गप्पा चालू होत्या. मग मी स्टूल पुढे ओढलं, लिमिटरचं बटण बदललं आणि अर्ध्या मीटरवरून हात घेतले, एकावर एक ठेवलेले. लेन्स बदलायला पाठ वळवावी लागली नाही. ही गोष्ट छोटी वाटते, पण बॅग उघडून, टोपण काढून, दुसरी लेन्स लावून परत वळेपर्यंत समोरचं माणूस पुन्हा आखडलेलं असतं.

गोदन्यासाठी उजेडाचा नियम नेमका उलटा लागतो, हे मला तुम्हाला खास सांगायचं आहे. तिरकस उजेडात त्वचेचा पोत छान येतो हे सगळे शिकवतात. पण गोंदणाचा रंग त्वचेच्या आत असतो आणि सुरकुती वर. तिरकस उजेड टाकला की सुरकुत्यांच्या सावल्या उठतात आणि त्यात आधीच हिरवट-निळा, पुसट झालेला रंग हरवतो. उजेड मऊ आणि बराचसा समोरून घ्या. मग सुरकुत्या मागे जातात आणि नक्षी वर येते. त्वचेवर तेलाची चमक असेल तर पोलरायझर फिल्टर लावून फिरवा. चमक उतरली की रंग एकदम गडद दिसतो. सेन्सर हाताशी समांतर धरा. एफ ८ ते ११. हात गोल असतो, कडा थोड्या सुटणारच, पण मधली नक्षी सबंध हवी. लेन्सचा तो सपाटपणाचा गुण उपयोगी पडतो तो इथे: कांजी वाचण्यासाठी जे केलं होतं, त्यानेच ठिपके आणि रेघा सुट्या-सुट्या येतात. एका फोटोत बाजूला पट्टी ठेवा, म्हणजे पुढे कुणाला ती नक्षी मोजून उतरवायची असेल तर आकार कळेल. आणि हे फोटो काळे-पांढरे करू नका. करायचेच असतील तर मूळ रंगीत जपून ठेवा, कारण रंग हाच तिथला मजकूर आहे.

लग्नात हीच मधली जागा कामाला येते. मेंदी ओली असताना तिची चमक, अंगठ्या, मंगळसूत्राची वाटी, काळे मणी, हळद लागलेली नखं, अक्षता धरलेली मूठ. १:४ ते १:२ च्या मधलं हे सगळं. शटर १/२०० च्या खाली नेऊ नका. दूरच्या फोटोत लेन्सचं स्टॅबिलायझेशन हात सांभाळून घेतं, जवळ गेलं की त्याचा प्रभाव कमी होतो. अंगठीचा फोटो काढायला ती बोटातून काढून मागू नका, बोटातच काढा. अंगठी कुठेही मिळते, बोट त्या मुलीचं आहे.

पैशांचं बोलू. मॅक्रो घेण्याआधी हौस टिकते का हे बघायचं असेल तर पन्नासच्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब लावा. ती नुसती पोकळ नळी असते, आत काच नसते. २५ मिलिमीटरची नळी पन्नासच्या मागे लावली की निम्म्याहून जास्त आकार मिळतो. कॅमेऱ्याशी संपर्क जोडणारी घ्या, नाहीतर नव्या लेन्सचं छिद्र बदलता येत नाही. पण नळी लावलेली असताना दूरचा फोकस जातो, चेहरा काढायचा तर ती काढावीच लागते. म्हणजे ती लेन्स बदलण्याची कटकट परत आलीच. लेन्सपुढे चिमटीने लावायच्या रेनॉक्ससारख्या काचा याबाबत जास्त सोयीच्या, काढल्या की लेन्स पहिल्यासारखी.

जुनी मॅक्रो घ्यायला हरकत नाही. या लेन्सचे आराखडे फार जुने होत नाहीत. विजेरी लावून आत बुरशी बघा, दमट गावातून आलेली असेल तर नक्की बघा. फोकसची कडी शेवटपर्यंत फिरवा, कुठे अडकते का. लिमिटर चालतो का. आणि पट्टी.

आता त्या मुलाला माझं उत्तर. तुझी निम्म्याहून जास्त कामं रात्रीच्या मंडपातली असतील आणि तिथे फ्लॅश चालत नसेल, तर आधी पंच्याऐंशी घे. तिची किंमतही बहुधा कमी पडेल, आणि उरलेल्यातून ट्यूब येतील. कामं दिवसाची, हळदी-मेंदीची, घरातली असतील, तर मॅक्रो घे: फुल फ्रेमला ९० ते १०५, क्रॉपला ६०. चेहऱ्यात तू काही गमावणार नाहीस, आणि बाकीचे फोटोवाले चेहऱ्यापाशी थांबतील तिथून तुला पुढे जाता येईल. दोन्हींच्या मध्ये अडकला असशील तर मागच्या वर्षीचे फोटो उघड, आयएसओचे आकडे बघ, ३२०० च्या वर किती आहेत ते मोज. त्यावरून ठरव, माझ्या आवडीवरून नको.

या आठवड्याचा अभ्यास: घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारून तीन फोटो काढा. चेहरा, हात, आणि त्या हातावरची एकच खूण. लेन्स एकच, जागा एकच, उजेड हवा तर फिरवा. मॅक्रो नसेल तर ट्यूब चालेल, मोबाइलही चालेल. पुढच्या भागात चार-पाच फोटो एकावर एक रचून फोकसची जाडी कशी वाढवायची ते बघू. त्यासाठी ट्रायपॉड आणि न हलणारी एखादी वस्तू तयार ठेवा, वाळलेलं सीताफळ उत्तम.